प्रस्तावना : बेरजेच्या आतली पेशी

फ्लास्कमध्ये काल १०० पेशी होत्या, आज २०० आहेत. यावरून काय कळलं? बहुतेक जण म्हणतील, प्रत्येक पेशी एकदा विभागली. दुपटीचा काळ २४ तास. पण असंही झालेलं असू शकतं की २० पेशी मेल्या, ४० नुसत्या बसून राहिल्या आणि उरलेल्या ४० दोनदा विभागून १६० झाल्या. बेरीज तीच, २००. वहीतला आकडा तोच, आलेखावरची रेघही तीच. फ्लास्कमध्ये घडलेलं मात्र साफ वेगळं. त्यातून पेशी कर्करोगाच्या असतील आणि वर औषध घातलेलं असेल, तर हा फरक किरकोळ राहत नाही. बसून राहिलेल्या त्या ४० पेशी पुढे काय करणार, हाच खरा प्रश्न होऊन बसतो, आणि बेरीज त्याबद्दल चकार शब्द काढत नाही.

हे पुस्तक त्या बेरजेच्या आत काय चाललेलं असतं त्याविषयी आहे. एकेक पेशी प्लेटमध्ये कशी बसते, पसरते, सरकते, विभागते आणि शेजारणीपेक्षा वेगळी का वागते, हा त्याचा विषय. पाठ्यपुस्तकात आपल्याला भेटणारी पेशी ही एक आकृती असते: मधोमध केंद्रक, भोवती तंतुकणिका, बाण काढून दिलेली नावं. ती आकृती खोटी नाही. पण ती कुठल्याच एका पेशीची नाही, आणि तिच्यात वेळ नाही. परीक्षेपुरती ती चालते. मायक्रोस्कोपखाली पहिल्यांदा जिवंत कल्चर बघणारा विद्यार्थी मात्र हमखास गोंधळतो, कारण त्याला ती आकृती कुठेच सापडत नाही.

सापडतं ते असं. ट्रिप्सिन घालून तळापासून सोडवलेली फायब्रोब्लास्ट (संयोजी ऊतीतली) पेशी नव्या प्लेटमध्ये टाकली, की सुरुवातीला ती चकाकत्या कडेची गोल गोळी असते, १५-२० मायक्रॉन व्यासाची. मीडियम हललं की तीही हलते. थोड्या वेळाने तळाला टेकते आणि हलायची थांबते. प्रयोगशाळेत म्हणतात, ‘सेल्स बसल्या’. यापुढचं पसरणं तव्यावर धिरड्याचं पीठ पसरावं तसं नसतं. पीठ आपल्या वजनाने पसरतं. पेशी जोर लावून पसरते. आधी कडेला बारीक फुगे येतात, जातात. केसासारखे धागे बाहेर निघून तळ चाचपतात. मग एका बाजूने पातळ पदर पुढे सरकतो. त्या पदरात ॲक्टिनचे तंतू पुढच्या टोकाला जुळत असतात आणि मागे सुटत असतात. त्या जुळण्यानेच पेशीपटल पुढे ढकललं जातं. पदराला जिथे पकड मिळते तिथे तो तळाशी घट्ट बसतो. जिथे मिळत नाही तिथे वर उचलून मागे वळतो. फिल्ममध्ये पेशीच्या कडेला सतत लाटा उठताना दिसतात, त्या या फसलेल्या प्रयत्नांच्या. काही तासांत ती गोळी इतकी पातळ होते की फेज कॉन्ट्रास्ट नसेल तर कड शोधावी लागते. ती सरकू लागली की शेपटीकडचा भाग तळाला चिकटून मागे राहतो, ताणला जातो आणि एका झटक्यात सुटतो. सुटताना पेशीचा एखादा कण तिथेच राहूनही जातो.

विभाजनाची वेळ आली की ही सगळी मांडणी ती स्वतः मोडते. पसरलेले पदर आत ओढते आणि पुन्हा गोल होते. पण पुरती सुटत नाही. जिथे जिथे पकड होती तिथवर बारीक दोऱ्या शिल्लक राहतात. या दोऱ्या उगाच राहिलेल्या नसतात. पॅरिसमध्ये मान्युएल तेरी, मिशेल बोर्नँ आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये पेशींना फायब्रोनेक्टिन या पकड देणाऱ्या प्रथिनाच्या ठरावीक आकाराच्या ठशांवर बसवलं आणि दाखवलं की विभाजनाचा तर्कू (गुणसूत्रं ओढून वेगळी करणारी तंतूंची रचना) कोणत्या दिशेने उभा राहणार, हे आधीच्या पकडींच्या मांडणीवरून ठरतं. गोल झालेली पेशी आपण कशा पसरलो होतो हे विसरलेली नसते. मग गुणसूत्रं मधल्या पट्टीवर येतात. एखादं गुणसूत्र मागे रेंगाळतं आणि तोवर सगळं थांबून राहतं. हे बघताना भलेभले प्राध्यापक घड्याळाकडे बघायचं विसरतात. गुणसूत्रं वेगळी झाली की कमरेशी खाच पडते, कडा उकळल्यासारख्या फुगतात आणि दोन कन्यापेशी विरुद्ध दिशांनी पसरू लागतात. एवढं साधारण तासाभरात उरकतं. दोघींमधला शेवटचा धागा मात्र कधी कधी कित्येक तास तुटत नाही.

यातलं बरंचसं डोळ्यांनी बघण्याची सोय झाली ती विसाव्या शतकात. त्याआधी वाल्टर फ्लेमिंग यांनी १८८२ च्या ग्रंथात पेशीविभाजनाचे टप्पे ओळीने मांडले, तेही सॅलॅमँडरच्या मुख्यतः मारून रंगवलेल्या पेशींवरून. त्यांच्या नजरेला दाद द्यावी तेवढी थोडी. १९०७ मध्ये रॉस हॅरिसन यांनी बेडकाच्या भ्रूणातल्या चेतारज्जूचा तुकडा गोठलेल्या लसीकेच्या थेंबात ठेवला, थेंब काचेला उलटा टांगला आणि चेतातंतू पेशीतून बाहेर वाढत जाताना पाहिला. चेतातंतू नेमका कुठून येतो यावर तोवर मोठा वाद होता. तो वाद युक्तिवादाने मिटला नाही, बघण्याने मिटला. फेज कॉन्ट्रास्टची युक्ती फ्रिट्स झेर्निके यांची. तिच्यामुळे न रंगवलेली, जिवंत, जवळजवळ पारदर्शक पेशी दिसू लागली आणि १९५३ मध्ये त्यांना नोबेल मिळालं.

या इतिहासातला एक अध्याय मात्र सावकाश सांगण्यासारखा आहे, कारण तो न बघण्याचा आहे. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये अलेक्सिस कॅरेल यांनी जानेवारी १९१२ मध्ये कोंबडीच्या भ्रूणाच्या हृदयाचा तुकडा संवर्धनात ठेवला. त्याच वर्षी त्यांना रक्तवाहिन्या जोडण्याच्या कामाबद्दल नोबेल मिळालं, त्यामुळे शब्दाला वजन होतं. तुकडा वाढत राहिला. कॅरेल १९४४ मध्ये गेले, तरी सहकाऱ्यांनी तो १९४६ पर्यंत चालवला. कोंबडीच्या आयुष्याहून किती तरी पट जास्त! निष्कर्ष असा काढला गेला की पेशी मुळात अमर असते, म्हातारं होतं ते शरीर. हे मत जवळपास अर्धं शतक टिकलं. इतरांचं कल्चर काही महिन्यांनी थांबलं, की दोष त्यांच्या हाताला, त्यांच्या काचसामानाला दिला जाई. मला कॅरेल यांच्यापेक्षा त्यांच्यावर विश्वास ठेवणाऱ्यांचं जास्त आश्चर्य वाटतं. तुकडा वाढतोय एवढंच सगळे बघत होते. त्यातली कोणती पेशी कोणाची लेक, हे कोणी विचारलं नाही. तुकड्याला अन्न म्हणून भ्रूणाचा अर्क घातला जाई. त्यातून प्रत्येक वेळी थोड्या ताज्या पेशी आत जात असाव्यात, असा संशय पुढे व्यक्त झाला.

१९६१ मध्ये फिलाडेल्फियाच्या विस्टार इन्स्टिट्यूटमधल्या लेनर्ड हेफ्लिक आणि पॉल मूरहेड यांनी माणसाच्या भ्रूणाच्या फायब्रोब्लास्टवर काम करून सांगितलं की या पेशी पन्नासेक दुपटींनंतर थांबतात, हात कितीही स्वच्छ असो. त्यांचा एक प्रयोग फारच देखणा आहे. बऱ्याच दुपटी झालेल्या पुरुष-पेशी आणि थोड्याच दुपटी झालेल्या स्त्री-पेशी त्यांनी एकाच भांड्यात मिसळल्या. भांडं एक, मीडियम एक, हात एक. काही काळाने पाहिलं तर भांड्यात फक्त स्त्री-पेशी उरल्या होत्या. मीडियम वाईट असतं किंवा कुठला विषाणू लागला असता तर दोन्ही गेल्या असत्या. म्हणजे हिशेब भांड्याचा नव्हता, पेशीचा होता. प्रत्येक पेशी आपल्या दुपटी स्वतः मोजत होती. गुणसूत्रांची टोकं दर विभाजनाला झिजतात हे त्यामागचं कारण नंतर कळलं. त्याहून मजेची गोष्ट १९८० मध्ये पुढे आली. जे. आर. स्मिथ आणि आर. जी. व्हिटनी यांनी एकाच विभाजनातून जन्मलेल्या दोन बहिणी वेगळ्या वाढवल्या, तेव्हा त्यांच्या पुढच्या दुपटींची संख्याही सारखी भरेना. पन्नास हा आकडा सगळ्या पुस्तकांत आहे. तो एखाद्या विशिष्ट पेशीला लागू पडेलच असं नाही.

एकटी पेशी वाढवायची म्हणजे काय कटकट असते, हे ज्याने केलंय त्यालाच ठाऊक. हजारोंच्या गर्दीत मजेत वाढणारी पेशी एकटी ठेवली की बहुधा मरते, कारण शेजारणींनी मीडियममध्ये सोडलेली द्रव्यं तिला मिळत नाहीत. १९४८ मध्ये कॅथरिन सॅनफर्ड, विल्टन अर्ल आणि ग्वेंडोलिन लाइकली यांनी उंदराची एक पेशी केशनळीत कोंडली. तिथलं मीडियम इतकं थोडं की तिने स्वतःच ते आपल्याजोगं करून घेतलं. त्या एका पेशीचा वंश एल-९२९ या नावाने आजही जगभर वापरात आहे. पुढे १९५५ मध्ये कोलोरॅडोतल्या थिओडोर पक आणि फिलिप मार्कस यांनी वेगळी वाट काढली. तळाला क्ष-किरण दिलेल्या पेशींचा थर पसरला. या पेशी जिवंत, पोषक द्रव्यं सोडणाऱ्या, पण विभागू न शकणाऱ्या. त्यावर त्यांनी मोजक्या पेशी विरळ टाकल्या आणि एकेकीपासून एकेक वसाहत उभी केली.

मग त्यांनी तीच मोजणी क्ष-किरणांना लावली, आणि १९५६ चा तो निबंध मी या विषयातला सर्वांत महत्त्वाचा मानतो. तोवर समज असा होता की सस्तन प्राण्यांच्या पेशी किरणांना बऱ्यापैकी दाद देत नाहीत, कारण मोठी मात्रा देऊनही त्या जिवंत दिसत. पक आणि मार्कस यांनी प्रश्न बदलला. पेशी जिवंत आहे का, हे न विचारता तिच्यापासून वसाहत होते का, हे विचारलं. उत्तर आलं की समजुतीपेक्षा कितीतरी लहान मात्रासुद्धा बहुतेक पेशींचा वंश संपवायला पुरते. पेशी मरत नव्हत्या. त्या फुगून राक्षसी आकाराच्या होत, खात-पीत, पण त्यांच्यापुढे कोणी नव्हतं. जिवंत असणं आणि विभागू शकणं या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. किरणोपचाराचा सगळा हिशेब या फरकावर उभा आहे, आणि तो फरक एकेक पेशी मोजल्याशिवाय दिसलाच नसता.

आता प्लेटविषयी. ती पेशीची नैसर्गिक जागा नाही, हे सगळे कबूल करतात आणि लगेच विसरतात. इन्क्युबेटरचे ३७ अंश, ५ टक्के कार्बन डायऑक्साइड, फिनॉल रेडने लाल दिसणारं मीडियम, या सोयी झाल्या. पण त्या मीडियममध्ये बहुधा १० टक्के सीरम असतं. हे सीरम गाभण गाय कापल्यावर तिच्या पोटातल्या वासराच्या रक्तातून काढतात. वर्गात हे सांगायचं टाळलं जातं, टाळू नये. आणि सीरम म्हणजे रक्त गोठल्यावर उरणारा द्रव. धडधाकट ऊतीतल्या फायब्रोब्लास्टचा सीरमशी संबंध येतच नाही. तो येतो जखम झाल्यावर, रक्त सांडून गोठल्यावर. १९७४ मध्ये रसेल रॉस यांच्या गटाने दाखवलं की बिंबिका न फुटू देता केलेल्या सीरममध्ये धमनीच्या स्नायुपेशी फारशा विभागत नाहीत; बिंबिकांमधली द्रव्यं घातली की जोमाने विभागू लागतात. १९९९ मध्ये स्टॅनफर्डमध्ये उपाशी ठेवलेल्या मानवी फायब्रोब्लास्टना सीरम देऊन साडेआठ हजारांहून अधिक जनुकांची हालचाल तपासली, तेव्हा वाढीच्या जनुकांबरोबर गोठण, दाह, नव्या रक्तवाहिन्या अशी जखम भरण्याची सगळी फौज जागी झालेली दिसली. म्हणजे प्लेटमध्ये धडाक्याने वाढणारी ही पेशी, तिच्या लेखी, जखम भरत असते. आपण तिला ‘नॉर्मल’ म्हणतो.

तळाचंही तसंच. १९७८ मध्ये ज्युदा फोकमन आणि ॲन मोस्कोना यांना आढळलं की पेशी जितकी कमी पसरू द्यावी तितकी ती कमी विभागते. पण यात एक पळवाट होती: कमी पसरलेल्या पेशीला तळाचा स्पर्शही कमीच मिळतो, मग कारण कोणतं? हार्वर्डच्या क्रिस्टोफर चेन, डोनाल्ड इंगबर आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये ती पळवाट बंद केली. त्यांनी फायब्रोनेक्टिनची बेटं छापली. लहान बेटावर अडकलेली केशवाहिनीची पेशी मरे, मोठ्या बेटावरची विभागे. मग मोठ्या बेटाऐवजी त्यांनी दूर-दूर बारीक ठिपके छापले. एकूण स्पर्श तेवढाच थोडा, पण ठिपक्याठिपक्यावर पाय टाकत पेशीला ताणून पसरता येई. ती जगली आणि वाढीला लागली. स्पर्शाचं क्षेत्रफळ तेच, नशीब वेगळं. ठरवलं ते पसरण्याने. या पुस्तकात पसरणं आणि विभागणं यांना दोन स्वतंत्र भाग दिलेले नाहीत, त्याचं कारण हा प्रयोग आहे.

पेशींच्या या जगाशी आपल्याकडचे धागे पुष्कळ आहेत आणि ते नीट सांगितले जात नाहीत. १९५१ मध्ये बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात हेन्रिएटा लॅक्स या कृष्णवर्णीय स्त्रीच्या गर्भाशयमुखाच्या गाठीतून, तिला न विचारता, घेतलेल्या पेशी जॉर्ज गे यांनी वाढवल्या. त्याच हेला पेशी; साधारण दिवसाला दुप्पट होणाऱ्या. त्याच गे यांच्या प्रयोगशाळेत पुण्याच्या कमल रणदिवे यांनी ऊतिसंवर्धनाचं काम केलं, आणि परत येऊन मुंबईच्या इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमध्ये या तंत्राची प्रयोगशाळा उभी केली. पुण्यात विद्यापीठाच्या आवारातलं राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र आज देशभरच्या प्रयोगशाळांना पेशी पुरवतं.

पण मला सर्वांत आवडणारी गोष्ट डासाची आहे. पुण्याच्या व्हायरस रिसर्च सेंटरमध्ये, म्हणजे आजच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेत (एनआयव्ही), के. आर. पी. सिंग यांनी १९६७ मध्ये एडिस अल्बोपिक्टस आणि एडिस इजिप्ती या डासांच्या अळ्यांपासून पेशी वाढवल्या. करंट सायन्समध्ये आलेला तो निबंध जेमतेम तीन पानांचा आहे. अकरा वर्षांनी अकिरा इगाराशी यांनी सिंग यांच्या अल्बोपिक्टस पेशींमधून क्लोन, म्हणजे एकेका पेशीचे वंश, वेगळे काढले. एकाच कल्चरमधल्या या पेशी विषाणूला सारखा प्रतिसाद देत नव्हत्या. त्यातल्या सी ६/३६ नावाच्या क्लोनमध्ये डेंग्यू आणि चिकुनगुनियाचे विषाणू भरभरून वाढले. विषाणूंना तोडणारी एक यंत्रणा या क्लोनमध्ये निकामी आहे, हे २०१० मध्ये उघड झालं. डेंग्यूचा विषाणू वेगळा काढण्यासाठी जगभर हाच क्लोन वापरला जातो. सिंग यांच्या पेशींची सरासरी काढून कोणी थांबलं असतं, तर तो त्या गर्दीतच राहिला असता.

आजची साधनं वेगळीच आहेत. दर ५ मिनिटांनी एक फोटो घेतला तर ४८ तासांचे ५७६ फोटो होतात आणि ते २४ सेकंदांत बघून होतात. २००८ पासून, जपानमध्ये अत्सुशी मियावाकी यांच्या गटाने केलेल्या प्रथिनांमुळे, विभाजनाच्या तयारीला न लागलेली पेशी लाल आणि डीएनएची नक्कल सुरू केलेली हिरवी दिसते. त्याच वर्षी मँचेस्टरच्या कॅरन गॅस्कॉइन आणि स्टीफन टेलर यांनी विभाजन रोखणारी कर्करोगाची औषधं देऊन पेशींचा एकेक करून माग काढला. एकाच वंशाच्या, एकाच प्लेटमधल्या पेशी; कोणी विभाजनात अडकून मेली, कोणी विभाजन न करताच त्यातून निसटून पुढे गेली. फार फोटो काढण्याचाही एक तोटा आहे. तीव्र प्रकाशाने पेशी भाजतात, आणि प्रकाशाने थांबलेली पेशी औषधाने थांबली असं वाटू शकतं. शेजारी न उजळलेली एक प्लेट ठेवली नसेल, तर अशा फिल्मवर विश्वास ठेवू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

वाचकाने हे पुस्तक पहिल्या पानापासून वाचावं असा आग्रह नाही. ज्यांना प्रयोगशाळेशी देणंघेणं नाही, त्यांनी हेफ्लिक आणि डास ही प्रकरणं आधी वाचली तरी चालेल. विद्यार्थ्यांना मात्र एक विनंती. पेशी टाकल्या की फ्लास्कच्या तळाला बाहेरून मार्करने एक छोटी फुली मारा. रोज त्या फुलीच्या उजव्या बाजूचा तोच भाग बघा आणि फोटो काढण्याआधी पेन्सिलने चित्र काढा: कोण बसली, कोण पसरली, कोण गोल झाली, कोण कालच्या जागी नाही. हेमोसायटोमीटरने (पेशी मोजायच्या काचपट्टीने) मोजणी त्यानंतर करा आणि दोन्ही एकाच पानावर लिहा.